मोडक्या डोलकाठीचं जहाज

हेडक्लार्कांना ऑफिसातला कचरा घरी न्यायचा होता. एवढीच काय ती गोष्ट. पण सरळ वाटेने गेली तर ती आमच्या हेडक्लार्कांची गोष्ट कसली!

झालं असं, की विमा कंपनीच्या त्या ऑफिसात तळघरातली रेकॉर्डरूम रिकामी करायचा हुकूम सुटला. जुन्या पाकिटांची पोतीच्या पोती वर आली. प्रत्येक पाकिटावर तेच एक तिकीट. तपकिरी रंग, मधोमध शिडाचं जहाज, खाली दोन लाटा. हेडक्लार्कांना तिकिटांचा नाद शाळेपासूनचा. लग्नानंतर सुटेल असं सगळ्यांना वाटलं होतं, तो वाढला. त्यांनी साहेबांना विचारलं, "सर, हा कचरा मी घरी नेऊ का?" साहेब मान वर न करता म्हणाले, "न्या की."

इथे कुणाचीही गोष्ट संपली असती. पण गेटवर वॉचमनने पोतं अडवलं. गेटपास? गेटपास स्टोअरकीपरकडे. स्टोअरकीपर म्हणाला, गेटपास मालाचा निघतो, हा माल नाही, कचरा आहे. बरं, मग कचरा म्हणून सोडा! तर कचरा बाहेर न्यायचा अधिकार फक्त कचरेवाल्याला. शेवटी हेडक्लार्क कचऱ्याच्या गाडीमागून कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि तिथे भर रस्त्यात आपल्याच ऑफिसचा कचरा रोखीने विकत घेतला. कचरेवाल्याने वर घासाघीस केली. "साहेब, तुमच्यासारखा माणूस मागतोय म्हणजे यात काहीतरी असणारच," म्हणाला. यावर काय बोलणार, कप्पाळ?

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, तर एका नावासाठी. गावातलं तिकीटसंग्राहक मंडळ दरसाल एक कॅटलॉग काढायचं. त्यात तिकिटांमधल्या प्लेटच्या दोषांची नोंद असे, आणि दोष ज्याने शोधला त्याचं नाव कंसात छापत. हेडक्लार्कांचं नाव आजवर दोनदाच छापून आलं होतं, एकदा लग्नपत्रिकेत आणि एकदा मतदारयादीत. त्यातलं मतदारयादीतलं चुकीचं होतं.

हे दोष म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. जुनी तिकिटं धातूच्या मोठ्या प्लेटवरून छापत, एका दाबात अख्खा ताव. प्लेटवर कुठे चरा पडला, टवका उडाला, की तावातल्या नेमक्या त्याच जागेच्या तिकिटावर दर वेळी तोच दोष उतरायचा. पुढे छापखान्यातला एखादा कारागीर तो हेरायचा आणि हाताने कोरून प्लेट नीट करायचा. म्हणजे दोषाची तिकिटं थोडीच. आणि जगाचा न्याय पाहा, बाकीच्या गुणी तिकिटांना कुत्रं विचारत नाही, आणि ज्याच्या नाकावर ओरखडा त्याला शोधत लोक घरोघर फिरतात. असो.

पोती घरी आली आणि घराचं काय झालं ते विचारू नका. तिकीट पाकिटापासून सोडवायचं तर पाण्यात भिजवावं लागतं. बादल्या गेल्या, टब गेला, मग पातेली जाऊ लागली तेव्हा बायकोने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं, "इथून पुढे एक पाऊल टाकाल तर याद राखा." वाळवायला घरातले सगळे टॉवेल अंथरले होते. त्यामुळे घरातली माणसं अंग पुसायला बेडशीट वापरू लागली, आणि एक दिवस हेडक्लार्क सवयीने टॉवेलनेच अंग पुसून, मानेवर जहाज चिकटवून ऑफिसला गेले. तेव्हापासून ऑफिसात त्यांना कप्तान म्हणू लागले. अकाउंट्सचा ज्युनिअरसुद्धा! एवढी वर्षं नोकरी करून माणसाने हे ऐकायचं?

वरच्या मजल्यावर एक निवृत्त अधिकारी राहत. त्यांना न येणारी गोष्ट जगात नव्हती, म्हणून सगळी बिल्डिंग त्यांना पाठीमागे ज्ञानकोश म्हणे. ते रोज वर्तमानपत्र मागायला खाली येत आणि सल्ला देऊन जात. "तुमची पद्धतच चुकतेय," ते म्हणाले. "आधी गठ्ठे पाडा. रंगाने पाडा, मग छटेने पाडा, मग शाईच्या जाडीने पाडा." हेडक्लार्कांनी दोन रविवार खर्चून गठ्ठे पाडले. ज्ञानकोश पाहायला आले, प्रसन्न झाले, "हां, ही झाली शिस्त," म्हणाले आणि शिंकले. पंखा चालू होता. गठ्ठ्यांचं पुढे काय झालं असेल, ते आपल्या कल्पनेवर सोडतो.

या सगळ्या धुमाळीत एक माणूस मात्र खिडकीजवळच्या खुर्चीत गप्प बसून असे. ते हेडक्लार्कांचे सासरे. उभा जन्म शाळेत ड्रॉइंग शिकवलेले मास्तर. आणि मास्तर म्हणजे कसे? रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्यांवरच्या अक्षरांना नापास करत चालणारे. मुलीसाठी स्थळ म्हणून हेडक्लार्कांना पाहायला आले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "चेहरा ठीक आहे, पण डावा खांदा उतरलाय." हेडक्लार्क तेव्हापासून फोटोत डावा खांदा उचलून उभे राहतात. पण गेल्या वर्षी आजारपण आलं आणि मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला. चहा कपातून बशीत सांडू लागला. मास्तर मुलीकडे राहायला आले, टाकांची आणि ब्रशांची पेटी खाटेखाली सरकवली ती सरकवलीच. हात गेला तसे शेरेही गेले. मुलीने मुद्दाम पडदा वाकडा लावून पाहिला, भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं टांगून पाहिलं. मास्तर एक अक्षर बोलले नाहीत. "बाबा चुकासुद्धा काढत नाहीत हो," असं म्हणून ती एकदा रडली. ज्या घरात बापाने ऊठसूट नावं ठेवली, त्या घरच्या लेकीला ती नसली की घर सुनं वाटतं, हे जावयाला त्या दिवशी कळलं.

एका संध्याकाळी हेडक्लार्कांच्या भिंगाखाली ते जहाज आलं. डोलकाठी मधोमध मोडलेली! वरचा तुकडा वेगळा, खालचा वेगळा, मध्ये कोरी फट. हेडक्लार्क ओरडले ते इतक्या मोठ्याने, की ज्ञानकोश वरून विचारायला आले, गॅस गळतोय का म्हणून.

दुसऱ्या दिवशी ते जुनी तिकिटं विकणाऱ्या तिकीटवाल्यांकडे धावले. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. आत शिरताना वाकावं लागे, त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाईक नमस्कार करतच आत येई. तिकीटवाल्यांनी तिकीट चिमट्यात धरलं, फिरवलं, वास घेतला.

"छान आहे. पण एकटं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे शाईत केस पडला असेल, माशी बसली असेल. एकाला आम्ही डाग म्हणतो. अगदी असंच दुसरं आणा, मग त्याला प्लेटचा दोष म्हणू. हा बघा, डाव्या लाटेखाली बारीक ठिपका आहे. तोही जुळला पाहिजे, म्हणजे प्लेटवरची जागा तीच हे नक्की. आणलंत तर तुमचं नाव कॅटलॉगात. शब्द आहे माझा."

झालं! घरात आता दुसऱ्या जहाजाचा शोध सुरू झाला. आणि ते सापडलं कुणाला, तर बायकोला. भिंग नाही, दिवा नाही. टॉवेल धुवायला टाकावा म्हणून तिकिटं काढता काढता तिने एक उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि तडक ऑफिसात फोन लावला. "अहो, मोडलंय! डोलकाठी मोडलीय! हो हो, ठिपकापण आहे. अहो, ओरडू नका, ठेवते मी टेबलावर बशीखाली." फोन ठेवून ती भाजी आणायला बाहेर पडली.

संध्याकाळी हेडक्लार्क घरी आले ते बूटही न काढता. बायकोने बशीखालचं तिकीट घाईत न पाहताच पाकिटात घालून हातात ठेवलं, आणि दुकान बंद व्हायच्या आत पोहोचायचं म्हणून ते आल्या पावली पळाले. पाकीट उघडलं ते थेट तिकीटवाल्यांच्या काउंटरवर.

तिकीटवाले बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसले. मग म्हणाले, "डोलकाठी मोडलेली नाही."

हेडक्लार्कांनी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं. बायकांच्या नजरेवर भरवसा ठेवला की असं होतं, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. तो त्यांना पुढे महागात पडला.

"मोडलेली नाही," तिकीटवाले पुन्हा म्हणाले, पण आता त्यांचा आवाज कापत होता. "जोडलेली आहे! ठिपका तोच, जागा तीच. हेडक्लार्क, छापखान्यात प्लेट दुरुस्त केली ना, त्यानंतरचं तिकीट आहे हे! मोडकं एखादं मिळतं कधी. मोडकं आणि जोडलेलं अशी जोडी मी जन्मात पाहिली नाही."

त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि दोघे मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. कुठलंही तिकीट हातात आलं की आधी त्याच्या कडेचे दात मोजायचे, ही त्यांची सवय. त्यांनी दात मोजले, मग डोलकाठी पाहिली, आणि मग खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या पेशंटला तसंच सोडून पुन्हा पाहिली. "काय हात असेल हो त्या कारागिराचा! मोडलेल्या दोन टोकांमधून रेघ अशी नेलीय, की श्वाससुद्धा घेतला नसेल त्याने. नाव नाही, गाव नाही, आणि काम पाहा!" डॉक्टर स्वतःच ती जोडी विकत घ्यायला तयार झाले. रविवारच्या सभेत जाहीर करायचं ठरलं. जोडी डॉक्टरांची, नाव हेडक्लार्कांचं.

घरी परतलेले हेडक्लार्क घरातून गेलेले हेडक्लार्क नव्हते. जेवताना त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं, त्यात डॉक्टरांचं वाक्य दोनदा, आणि शेवटी मोठ्या मनाने म्हणाले, "अगं, मोडलं नव्हतंच ते. तुला नीट दिसलं नाही, चालायचंच."

"मला दिसलं नाही? या घरात सुईत दोरा कोण ओवतं?"

"अगं, पण भिंगाखाली..."

"भिंग घाला चुलीत! मोडलेलं होतं म्हणजे होतं."

तेव्हा मास्तरांनी घसा खाकरला. कित्येक महिन्यांत त्यांनी जेवताना घसा खाकरला नव्हता. दोघेही थांबले.

"मोडलेलंच होतं," मास्तर म्हणाले. "मी जोडलं."

"जोडलं म्हणजे?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"ही फोनवर म्हणाली, मोडलं. तुमच्या तिकिटांतलं मला काही कळत नाही, म्हटलं, भिजवताना हिच्या हातून मोडलं असणार, आता जावई घरी येऊन हिला बोलणार. म्हणून ही बाजारात गेली तशी पेटी काढली."

"बाबा, मी हिला कधी बोलतो का?"

"आमच्या वेळी बोलायचे," मास्तर म्हणाले. मग एकदम खुर्चीत पुढे सरकले. त्यांचे डोळे चमकत होते. "शाईचा रंग जुळत नव्हता. चहाच्या गाळाचं पाणी घातलं, तेव्हा जुळला. आणि जावईबापू, हात हलला नाही हो! टाक टेकेपर्यंत हलत होता. टेकला आणि हलला नाही! मला वाटलं होतं, गेला आता हात." मग त्यांनी फडताळाकडे पाहिलं. "आणि त्या डब्यांवर लेबलं कुणी लिहिलीत? अक्षरं आहेत की झुरळं?"

लेक ताडकन उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, पण रडण्याचा आवाज नळापेक्षा मोठा होता.

हेडक्लार्क घास हातात घेऊन बसले होते. खरं सांगितलं, तर नाव गेलं. नाव गेलं तर गेलं एक वेळ. पण खरं सांगणं म्हणजे या म्हाताऱ्याला सांगणं, की वर्षभरात तुम्ही पहिल्यांदा टाक हातात घेतलात आणि आमच्या तिकिटाचं वाटोळं केलंत. आणि नाही सांगितलं, तर सरळसरळ फसवणूक. डॉक्टरांसारख्या देवमाणसाची! त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. ज्ञानकोशांना विचारलं, एका मित्राची गोष्ट म्हणून. ज्ञानकोश म्हणाले, "तुमच्या मित्राला सांगा, गप्प बस आणि विकून मोकळा हो. आणि तुमचा तो मित्र असा घामाघूम का झालाय?"

मास्तरांच्या मनात मात्र असलं काही नव्हतं. चित्र फाटलं, आपण नीट केलं, त्याचा भाव वाढला, यात लपवायचं काय? रविवारी ते कोटाला इस्त्री करून दारात उभे. "तिथे माझ्या कामाची तारीफ व्हायची आहे, आणि मी घरी बसू?"

सभेला मंडळी बरीच जमली होती. डॉक्टरांनी तासभर त्या अज्ञात कारागिरावर भाषण केलं. त्याचा संयम, त्याची नजर, त्याची रेघ. पहिल्या रांगेत बसलेले मास्तर प्रत्येक वाक्याला मान हलवत होते आणि मधूनच "बरोबर" म्हणत होते. शेजारच्या गृहस्थांना वाटलं, काय हा जाणकार श्रोता! मग डॉक्टरांनी हेडक्लार्कांना दोन शब्द बोलायला बोलावलं.

हेडक्लार्कांनी भाषण पाठ केलं होतं. ते सगळं विसरले. समोर सासरे बसलेले, इस्त्रीचा कोट, गुडघ्यावर तो थरथरणारा हात. हेडक्लार्क म्हणाले, "मंडळी, आत्ता डॉक्टरांनी ज्यांचं एवढं कौतुक केलं, ते कारागीर अज्ञात नाहीत. ते माझे सासरे आहेत. ही रेघ छापखान्यात ओढलेली नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर ओढलेली आहे. हे तिकीट मला विकता येणार नाही, आणि कॅटलॉगात माझं नावही घालू नका. फक्त, तुम्ही जे जे म्हणालात ते सगळं यांना लागू आहे. त्यातला एक शब्दही परत घेऊ नका."

एकच गलका उडाला. तिकीटवाले खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले. डॉक्टर लालबुंद झाले. "अशक्य! मी भिंगातून पाहिलंय. जिवंत माणसाच्या हाताने असं होत नाही."

"होत नाही म्हणजे?" मास्तर उठून उभे राहिले. वर्गात मागच्या बाकावरचा पोरगा उभा राहावा तसे डॉक्टर एकदम ताठ झाले. "आणा इकडे एखादं."

ड्रॉइंगचा मास्तर सभेलाही टाक खिशात घेऊनच जातो. तिकीटवाल्यांनी पेटीतलं एक साधं जहाज काढलं. डॉक्टरांनी दात कोरायच्या बारीक हत्याराने त्याची डोलकाठी मधोमध खरवडून काढली. कुणीतरी चहा आणला, तो प्यायला नव्हे, रंगाला. मास्तरांनी टाक शाईत बुडवला, आणि त्यांचा हात असा थरथरला, की एक थेंब पांढऱ्या टेबलक्लॉथवर पडला. मागून कुणीतरी हसलं.

हेडक्लार्कांना वाटलं, धावत जावं, तो हात धरावा, म्हणावं बाबा, चला घरी. आपणच हे ओढवून आणलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि आयुष्यात कधी नव्हे ते, नाव नको, तिकीट नको, फक्त एवढी एक रेघ सरळ जाऊ दे, असं मनापासून म्हणाले.

मग टाक खाली ठेवल्याचा आवाज आला.

डॉक्टरांनी भिंग लावलं. शेजारी एक अस्सल जहाज ठेवलं. दोन्हींकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. तिकीटवाल्यांनी दोन्ही तिकिटं पाठीमागे नेली, अदलाबदल करून पुन्हा समोर मांडली आणि विचारलं, "मास्तरांचं कुठलं?" डॉक्टरांनी बोट ठेवलं. चुकीच्या जहाजावर ठेवलं. मग भिंग हातोहात फिरलं, आणि जो तो आपापलं बोट ठेवून चुकत गेला.

"रेघ किंचित जाड झाली," मास्तर म्हणाले. "उजेड कमी आहे इथे. सभागृह म्हणवता आणि खिडक्या असल्या?"

तिकीटवाले पुढे आले. त्यांनी भर सभेत वाकून मास्तरांच्या पायांना हात लावला. मग हेडक्लार्कांकडे वळून दोन्ही हात जोडले. "हेडक्लार्क, तुम्ही खरं बोललात, तुमच्याबद्दल आदर आहे. पण आजपासून तुमच्या घरातलं एकही तिकीट मी घेणार नाही. विकत नाही, फुकट नाही. ते पहिलंही घेऊन जा. ते छापखान्यात मोडलं की घरी मोडलं, हे आता कुणी सांगावं? ज्या घरात असा हात आहे, त्या घरचं तिकीट कुणाला दाखवायची माझी छाती नाही."

डॉक्टरांनी तसाच ठराव मांडला. एकमताने पास झाला. ठरावाच्या बाजूने सगळ्यात आधी हात वर केला तो हेडक्लार्कांनी.

घरी बायको दारातच वाट पाहत होती. मास्तर चपला काढून सरळ खुर्चीकडे गेले. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तिला काही उमगेना.

"काय झालं हो? विकलं का?"

"छे, छे! हाकलून दिलं!" हेडक्लार्क इतक्या जोरात म्हणाले, की शेजाऱ्यांनी दारं उघडली. "आपल्या सगळ्या घराला हाकललं! कायमचं! आपलं तिकीट आता जगात कुणी हातात धरणार नाही!"

"अगं बाई! आणि तुम्ही हसताय काय असे?"

"बाबांच्या हातामुळे," हेडक्लार्क म्हणाले. "सगळं बाबांच्या हातामुळे!" आणि मास्तरांचं जहाज ओळखताना सभेत जो तो कसा चुकत गेला, ते एका दमात सांगून टाकलं. बायको मागे वळून वडिलांकडे पाहत राहिली.